बग्गी आणि ताईचे निरोप

घरामागच्या शेडमध्ये एक बग्गी होती आणि तिला दोन मालक होते. सकाळचा मालक ताईचा नवरा आणि दुपारचा मालक ताईचा धाकटा भाऊ. हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. कधीपासून, असं कुणी विचारलं तर ताई म्हणायची, "चासी कापली तेव्हापासून." साल तिच्या लक्षात नव्हतं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा अबोला होता आणि तिला तिकडेच नोकरी लागली तेव्हाही होता, एवढं मात्र नक्की.

बग्गी म्हणजे घोड्याची नव्हे. वाळूत पळवायची गाडी. तिला दारं नसतात, टप नसतो, समोरची काच नावापुरती. होडीसारखं फायबरचं उघडं अंग, मागची चाकं पुढच्यांपेक्षा जाड, आणि इंजिन मागे, तेही उघड्यावर. कुणा हौशी माणसाने कधीकाळी बनवलेली ही बग्गी भंगारवाल्याच्या आवारात पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. ताईच्या नवऱ्याने ती पाहिली, भावाला दाखवली, आणि दोघांनी मिळून ती ढकलत घरी आणली. त्या दिवशी दोघांच्या तोंडावर जो आनंद होता, तो ताईला आपल्या लग्नातल्या फोटोतही दिसला नव्हता. खरं तर नवरा या घरात जावई म्हणून यायच्या आधी भावाचा दोस्त म्हणूनच येत असे. ताईशी लग्न झालं आणि दोस्ताला 'भावजी' म्हणावं लागलं, एवढाच काय तो फरक पडला.

गावाबाहेर वाळूचा मोठा पट्टा होता. तिथे ही गाडी उधळायची, असा दोघांचा बेत होता. पण आधी ती दुरुस्त व्हायला हवी होती. इंजिन जाम, तारा कुरतडलेल्या, आणि खालची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, तर अशी सडलेली की पायाने दाबली तर भोक पडावं. बग्गी बनवताना करतात काय, की मागे इंजिन असलेली एखादी जुनी छोटी गाडी घ्यायची, तिचं वरचं अंग काढून टाकायचं, आणि खालची चासी मधोमध कापून हातभर आखूड करून पुन्हा जोडायची. तेव्हा कुठे वर फायबरचं अंग बसतं. भंगारवाल्याकडून तशी दुसरी चासी आणली. नवरा म्हणाला, रविवारपर्यंत थांब, पुन्हा एकदा माप घेऊ. पण भावाला दम कुठला. त्याने दुपारी एकट्यानेच करवत चालवली, आणि डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं आखूड झाली.

नवऱ्याने ते पाहिलं तेव्हा गल्लीतली चार माणसं शेडमध्ये उभी होती. त्यांच्यासमोर तो म्हणाला, "तू आपला पाव भाज. लोखंडाच्या नादी लागू नकोस."

भाऊ बेकरीत कामाला होता. तो म्हणाला, "आणि तुम्ही पंपाचं बटण दाबा. वर केलं की चालू, खाली केलं की बंद. तेवढंच जमतं तुम्हाला."

नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर होता. एवढ्याशा बोलण्यावरून कुणी वर्षानुवर्षं अबोला धरतं का? धरतं. भट्टीसमोर उभं राहून आपलं आयुष्य पाव भाजण्यात गेलं, हे भावाला आतून खुपत होतंच. आपण बटण दाबण्यापलीकडे काही केलं नाही, हे नवऱ्यालाही खुपत होतं. दोघांनी एकमेकांना नेमकं तेच बोलून दाखवलं, आणि तेही चार लोकांत.

चासी पुढे एका वेल्डरने नीट जोडून दिली. माणसं जोडायला मात्र कुणी आलं नाही.

बग्गी सोडायला दोघंही तयार नव्हते. अर्धी अर्धी होती ना! मग न ठरवताच एक रीत पडली. नवऱ्याची दुसरी पाळी, म्हणून सकाळ त्याची. भाऊ पहाटे कामाला लागायचा आणि जेवणाच्या वेळेला सुटायचा, म्हणून दुपार त्याची. नवरा डबा घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडायचा आणि तासाभराने भाऊ मागच्या फाटकाने आत यायचा. एकाने अर्धवट सोडलेला नट दुसरा घट्ट करायचा. रविवारी सुट्टी असली तरी भाऊ यायचा नाही, कारण नवरा घरी असायचा. आणि या सगळ्या कामात एकाने काय केलं आणि दुसऱ्याने काय करू नये, हे सांगायला मधे होती ताई.

ताई शिवणकाम करायची. हॉटेलचे पडदे, टेबलावरची कापडं, वेटरांचे गणवेश. मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी होतं आणि ती सकाळी बसली की अंधारून येईपर्यंत उठत नसे. पण घरात बसून काम करणारी बाई म्हणजे मोकळीच, असं सगळ्यांना वाटतं, आणि या दोघांना तर पक्कं वाटायचं. सकाळी नवरा काळे हात घेऊन दारात उभा राहायचा.

"अगं, तुझ्या भावाला सांग, ब्रेकचा पाइप असा बांधतात का? पुडक्याला सुतळी बांधल्यासारखा? गाढव कुठला."

दुपारी ताई भावाला सांगायची, "ते म्हणत होते, तो ब्रेकचा पाइप तेवढा बघशील का? वेळ असेल तर."

भाऊ उसळायचा. "त्या पंपवाल्याला सांग, आधी तुझी वायरिंग बघ म्हणावं. मांजराने लोकर खेळल्यासारखी केलीय. उंटावरचा शहाणा!"

दुसऱ्या दिवशी ताई नवऱ्याला म्हणायची, "तो पाइप बघतो म्हणाला. आणि वायरिंग छान झालीय म्हणत होता. फक्त एकदा तपासून घ्या म्हणाला."

उसवलेला कपडा आतून शिवायचा आणि वरून टाका दिसू द्यायचा नाही, हे तिच्या हातात बसलेलं होतं. ती बोलण्याचंही तेच करायची. दोघांच्या शिव्या ती गिळायची आणि गोड शब्द तेवढे पुढे करायची. तिला वाटायचं, रोज थोडं थोडं गोड कानावर पडलं, तर एक दिवस दोघांपैकी एकाचं मन विरघळेल. तिला तेवढंच हवं होतं. या दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलावं आणि तिला या हमालीतून सोडवावं. बग्गी धावली काय आणि पुन्हा कोंबड्यांना दिली काय, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

पण मन काही विरघळेना. उलट गोड निरोप ऐकला की दोघांचीही तोंडं जास्तच वाकडी व्हायची. नवरा "हं," म्हणायचा आणि पान्याने काहीतरी जोरात ठोकायचा. भाऊ "बरं," म्हणायचा आणि त्या दिवशी चहा न घेताच जायचा. ताईला कळायचं नाही, आपलं चुकतं कुठे. मग ती आणखी गोड करून सांगायची.

या बग्गीने तिच्या घराची काय दैना केली, ते सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. कार्बोरेटर तिच्या दुधाच्या पातेल्यात धुतला गेला. पिस्टनच्या रिंगा बशीत ठेवलेल्या असायच्या आणि बशा पुरायच्या नाहीत. भावाने फायबरचं अंग घासायला घेतलं तेव्हा ती बारीक धूळ खिडकीतून आत आली आणि हॉटेलच्या टेबलक्लॉथवर बसली. आठवड्याने हॉटेलचा मॅनेजर सगळा गठ्ठा परत घेऊन दारात हजर. "ताई, गिऱ्हाइकं जेवता जेवता कोपर खाजवतायत हो," म्हणाला. ताईने सगळी कापडं पुन्हा तीनदा धुतली. सीटची कव्हरं शिवायची वेळ आली तेव्हा नवऱ्याला काळं रेक्झिन हवं होतं, भावाला लाल. ताईने दोघांना सांगितलं की समोरच्याला तपकिरी चालेल. दोघांनी लगेच नाकं मुरडली, पण समोरचा खाली आला या आनंदात दोघांनी तपकिरीला होकार दिला. तिच्याकडे तपकिरी पडून होतं, हे तिने कुणाला सांगितलं नाही. इतक्या वर्षांत तिला झालेला फायदा तेवढाच.

बाकी नुसता शीण. मान भरून यायची, डोळ्यांपुढे टाके नाचायचे, पायांवर सूज असायची. पण मानेला तेल लावता येतं. सकाळी ऐकलेलं दुपारपर्यंत डोक्यात धरून ठेवायचं, त्यातला विखार काढायचा, उरलेल्याला साखर लावायची, कुणाला किती सांगितलं ते ध्यानात ठेवायचं, याला कुठलं तेल लावणार? रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिच्या डोक्यात दोन पुरुष भांडत असायचे आणि दोघांचे आवाज ओळखीचे असायचे.

मग गिअरबॉक्सचं प्रकरण झालं.

बग्गीचा जुना गिअरबॉक्स गेलेलाच होता. दुसरा भंगारवाल्याकडून आणला. आता, गिअरबॉक्सच्या पोटात क्राऊन नावाचं एक मोठं दातेरी चाक असतं. तेच मागच्या चाकांना फिरवतं. ते एका बाजूने बसवलं तर गाडी पुढे जाते, दुसऱ्या बाजूने बसवलं तर सगळंच उलटं होतं. हा गिअरबॉक्स आधी कुणीतरी इंजिन उलट्या तोंडाने बसवलेल्या गाडीत वापरला होता, त्यामुळे त्यातला क्राऊन उलटा होता. भंगारवाला इमानदार. तो नवऱ्याला म्हणाला, "बसवायच्या आधी क्राऊन फिरवून घ्या." दोन दिवसांनी भाऊ काहीतरी आणायला गेला, तेव्हा भंगारवाल्याने त्यालाही तेच सांगितलं. दोघं एकाच गाडीवर काम करतात म्हणजे एकमेकांशी बोलत असतील, असं त्या बिचाऱ्याला वाटलं असणार.

त्या आठवड्यात ताईकडे हॉटेलच्या एका अख्ख्या मजल्याचे पडदे होते. सकाळी नवरा दारात आला तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

"तुझ्या भावाला सांग, गिअरबॉक्सचा क्राऊन उलटा होता. मी तो फिरवून सरळ केलाय. आता हात लावलास तर हात मोडून ठेवीन म्हणावं. नीट सांग."

ताईने टाचण्यांसकट मान हलवली.

दुपारी भाऊ आला. निरोप तिच्या जिभेवर होता, पण 'हात मोडून ठेवीन' याचं गोड काय करायचं ते तिला सुचेना. एरवी चुटकीसरशी सुचलं असतं. त्या दिवशी मान इतकी दुखत होती की डोकं चालायलाच तयार नव्हतं. तिला अक्षरशः जिवावर आलं.

"तुझा नवरा काही म्हणाला का?" भावाने विचारलं.

"नाही. काही नाही म्हणाले."

बोलून टाकलं आणि तिने घाईने मशीन चालू केलं. पण आभाळ काही कोसळलं नाही. मशीन चालत होतं, शेडमधून ठोकाठोक ऐकू येत होती. भाऊ गिअरबॉक्स उघडून बसला. त्यावरचं नवंकोरं पॅकिंग बघून त्याला वाटलं, भंगारवाल्याने गिऱ्हाईक खूश ठेवायला लावलं असेल. त्याने मन लावून क्राऊन फिरवला, म्हणजे नवऱ्याने सरळ केलेला पुन्हा उलटा केला, सगळं बंद केलं आणि जाताना म्हणाला, "सांग त्याला, क्राऊन मी फिरवलाय. हे त्याच्या बापालाही जमलं नसतं."

ताईने तेही नवऱ्याला सांगितलं नाही. क्राऊन म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. दोघंही तो फिरवल्याचं म्हणतायत, म्हणजे एकाच कामाचं श्रेय दोघंही लाटतायत, नेहमीचंच आहे, असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिला गंमत वाटायला लागली होती. त्या दिवसापासून तिने सगळेच निरोप बंद केले. नवरा विचारायचा, "सांगितलंस?" ती म्हणायची, "सांगितलं." भाऊ विचारायचा, "काय म्हणाला?" ती म्हणायची, "काही नाही." एवढी हलकी ती कितीतरी वर्षांत झाली नव्हती. आपण मूग गिळून बसलो तरी जग चालतं, हे आपल्याला आधी कुणी का सांगितलं नाही, असं तिच्या मनात यायचं.

गिअरबॉक्स बसला. इंजिन बसलं. एका सकाळी ते सुरू झालं आणि गल्लीतली मांजरं तीन दिवस परतली नाहीत. आता फक्त चालवून बघायचं राहिलं होतं, आणि पहिल्यांदा कोण चालवणार, यावर घोडं अडलं. नवऱ्याने निरोप दिला, "सांग त्याला, रविवारी सकाळी मी चालवणार." भावाने निरोप दिला, "रविवारी मी येतोय, तो घरी असला तरी. त्याला म्हणावं, चाकाला हात लावायचा नाही." ताईने यातलं एक अक्षर पुढे नेलं नाही. त्यामुळे रविवारी सकाळी भाऊ फाटक उघडून आत आला आणि नवरा किल्ली हातात घेऊन शेडमधून बाहेर आला, आणि दोघं इतक्या वर्षांनी समोरासमोर उभे राहिले.

दोघांनी ताईकडे पाहिलं. ती दोरीवर पडदे वाळत घालत होती.

"ताई, त्याला सांग..."

"अगं, तुझ्या भावाला सांग..."

ताईच्या अंगात काय आलं कुणास ठाऊक. तिने ओला पडदा दोरीवर टाकला, हात पदराला पुसले, आणि नवऱ्याच्या हातातून किल्ली घेतली. "सरका दोघं. मी चालवते."

हे काही वेड्याचं बोलणं नव्हतं. वडिलांची पाव पोचवायची मोटारगाडी ती लग्नाआधी घरोघर फिरवत असे. या दोघांच्या हाती तेव्हा सायकली होत्या. ती तपकिरी सीटवर चढून बसली. बग्गीचं तोंड फाटकाकडे होतं. मागे शेडला भिंतीऐवजी लावलेली ताडपत्री, ताडपत्रीमागे आवार, आवारात दोरीवर हॉटेलचे पडदे. तिने इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

बग्गी जी उसळली ती मागे. ताडपत्री फाडून, दोरी तोडून, सगळे पडदे अंगावर ओढून घेत ती आवारातून गेली आणि मागच्या भिंतीला बुड टेकून बंद पडली. पडद्यांच्या ढिगात ताई दिसेनाशी झाली.

दोघं धावले. धावत आले आणि गाडीपाशी थांबले.

"मागे कशी गेली?" नवरा म्हणाला. "पहिला टाकला होता ना?"

"पहिलाच होता, मी बघितलं," भाऊ म्हणाला. "क्राऊन! क्राऊन उलटा आहे!"

"कसा असेल? मी स्वतः सरळ केलाय."

"तुम्ही? अहो भावजी, मी फिरवला तो!"

"तू कशाला फिरवलास? मी आधीच फिरवला होता!"

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं होतं!"

आणि भावाला एकदम हसू फुटलं. "चार गिअर मागे आणि एक पुढे! भावजी, वाळूत पाठमोरे जायचं आपण!" नवरा हसायला लागला. तो इतका हसला की त्याला चाकाला धरून खाली बसावं लागलं. "रिव्हर्स टाकून कामावर जाईन मी," तो म्हणाला, आणि भाऊही त्याच्या शेजारी मातीत बसला.

ताई पडदे बाजूला करत आपली आपण खाली उतरली. कोपर खरचटलं होतं, एक चप्पल गाडीतच राहिली होती. लागलं का, हे दोघांनी विचारलं नाही. ते विसरले होते. तिला त्याचं काही वाटलं नाही, निदान तेव्हा तरी नाही. दोघं बोलतायत, हेच ती बघत होती. तिचे डोळे भरून आले आणि ती ते पडद्याला पुसून आत चहा ठेवायला गेली.

चहा घेऊन आली तेव्हा दोघं बग्गीखाली आडवे झाले होते. बाहेर फक्त चार पाय दिसत होते. आतून सारखं बोलणं चाललं होतं.

"गाढवा, पाना धर नीट."

"धरलाय की! तुम्हीच आंधळे."

"हां! असं बोल की! हे असं बोलायला काय झालं होतं तुला? इतकी वर्षं आपलं ते 'वेळ असेल तर बघा' आणि 'छान झालंय'. साहेबासारखं. मला वाटायचं, हा मला टोमणे मारतोय. घरच्या माणसाशी असं परक्यासारखं कोण बोलतं?"

"मी कधी म्हटलं छान झालंय? मी तर तुम्हाला रोज शिव्या घालायचो!"

"कुणाजवळ?"

"ताईजवळ!"

पाय हलायचे थांबले. मग दोन काळी तोंडं गाडीखालून बाहेर आली आणि ताईकडे वर बघायला लागली.

"ताई," भाऊ म्हणाला, "तू हे काहीच सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं होतं? गाढव?"

"हो!" दोघं एकदम म्हणाले.

"अगं, एकदा जरी सांगितलं असतंस," भाऊ म्हणाला, "तर मी दुसऱ्या दिवशी येऊन यांच्या तोंडावर भांडलो असतो. तिथल्या तिथे मिटलं असतं."

नवऱ्याने मान डोलावली. रागाने नव्हे. हळहळ वाटून.

ताईच्या हातात चहाचा ट्रे होता, नाहीतर तिने काय केलं असतं सांगता येत नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भांडायला तोंड नव्हतं तुम्हाला? फाटक नव्हतं? एक तास आधी यायचं होतं, हे घरातच असायचे. आणि तुम्ही हो, एक दिवस तासभर उशिरा गेला असता तर पंप काय रडत बसला असता? मी दिवसभर मान मोडून शिवायचं आणि वर तुमच्या शिव्या धुऊन इस्त्री करून पोचवायच्या. आता माझंच चुकलं?"

दोघंही वरमले. भावाने उठून ट्रे घेतला. "तसं नाही गं ताई." नवरा म्हणाला, "बरं बाई, चुकलं आमचं." मग त्यांनी चहा घेतला, आणि दोन घोटांत नवरा म्हणाला, "पण मला एक सांग, ते पॅकिंग नवं दिसलं तेव्हा तुला शंका नाही आली?" आणि ते पुन्हा गाडीखाली गेले.

ताईने पडदे गोळा केले. तीन फाटले होते, बाकीच्यांना ग्रीस लागलं होतं. दिवसभर ती ते धूत आणि शिवत राहिली. शेडमधून सारखं बोलणं ऐकू येत होतं. क्राऊनवरून सुरू झालेलं बोलणं चासीवर गेलं, चासीवरून बेकरीच्या नव्या मालकावर, तिथून पंपघरातल्या साहेबावर, मग भावाच्या गुडघ्यावर, मग नवऱ्याला हल्ली झोप लागत नाही त्यावर. नवऱ्याला झोप लागत नाही, हे ताईला माहीत नव्हतं. ती शेजारीच झोपायची.

दिवस मावळताना भाऊ निघाला. उद्या बेकरीला सणाची सुट्टी होती. "उद्या सकाळीच येतो, भावजी," फाटकातून तो ओरडला. ताईला त्याने हात केला.

नवऱ्याने रॉकेलने हात धुतले, मग साबणाने धुतले आणि जेवायला बसला. रविवारचं जेवण म्हणजे एरवी निरोपांची जत्रा. आठवड्याभराचं सगळं तो तिला घास घेता घेता सांगायचा, हातवारे करून, आवाज चढवून, आणि ती ऐकत राहायची. आज तो शांत होता. चेहरा निवांत, खांदे खाली आलेले. कितीतरी वर्षांत ताईने त्याला असा पाहिला नव्हता आणि तिला बरं वाटलं. तिने त्याला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि समोर बसली. तो जेवत राहिला. तिने पाणी पुढे सरकवलं. त्याने मान हलवली आणि प्यायला. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. याआधी जेवताना तो कधी ऐकू आला नव्हता.

"बोला ना काहीतरी," ताई म्हणाली.

"काय बोलू?" नवरा हसला. "जे काय होतं ते बोललो की दिवसभर त्याच्याशी. आता तुला ताप नाही."

"ते बग्गीचं झालं. माझ्याशी बोला."

"तुझ्याशी?"

तिला वाटलं तो चेष्टेवर नेईल. पण त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला घास खाली ठेवला. तो विचार करायला लागला. टाळत नव्हता, मनापासून शोधत होता. कपाळाला आठ्या पडल्या. ताई समोर ताटावर हात ठेवून वाट बघत बसली.